दुकानाचा गल्ला वेगळा

पडवीत छोटं किराणा दुकान थाटायचं, असं आपल्यातल्या पुष्कळ जणींच्या मनात असतं. भांडवलाची सोय होते. गटाचं अंतर्गत कर्ज आहे, मुद्रा योजनेच्या शिशु प्रकारात ५०,००० रुपयांपर्यंत विनातारण कर्ज आहे. उद्यम नोंदणीला तर शुल्कच नाही, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. दुकान अडतं ते उधारीपाशी.

हिशेब मांडू. १०० रुपयांच्या विक्रीत १० रुपये सुटतात असं धरू. १०० रुपयांची उधारी बुडाली, तर खरेदीचे ९० रुपये गेले. ते भरून यायला आणखी ९०० रुपयांची रोख विक्री करावी लागते.

पण गावात उधारी बंद म्हणून चालत नाही. मजुरी हातात पडेपर्यंत बाईनं तेल-मीठ कुठून आणावं? म्हणून आपण नियम करू: आधीची बाकी फिटली की मगच पुढची उधारी. वहीत तिच्यासमोर लिहू, आकडा वाचून दाखवू.

घरात नेलेली साखर, मुलांची बिस्किटं, तीही वहीत मांडायची. घरखर्चाला आठवड्याची रक्कम ठरवायची. एरवी गल्ल्याला कुणी हात लावायचा नाही. हे घरी बोलणं जड जातं, आम्ही जाणतो. पण कर्जाचा हप्ता आपल्या नावावर असतो. एकटीला जमलं नाही, तर आम्ही गटातल्या चौघी-पाचजणी घरी येऊन बोलू.

पुढच्या बैठकीला दुकानाची वही घेऊन या. मिळून बघू.