आधी काय ऐकलं, नंतर काय पाहिलं
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



‘डॉक्टरकीच्या गमती सांग’ असं मला फर्मान आहे. गमतीऐवजी एक चूक सांगतो. गणिताचे सर समोर बसलेत, त्यामुळे जरा धाकधूक आहे. विषय त्यांचाच आहे.

सर फळ्यावर दोन वर्तुळं काढून सांगायचे, छेदाचा भाग कुठल्याही वर्तुळापेक्षा मोठा असू शकत नाही. आपण माना डोलवायचो. १९८३ साली ट्व्हर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी डॉक्टरांना विचारलं: फुफ्फुसात रक्ताची गुठळी अडकलेल्या बाईला काय होण्याची शक्यता जास्त? नुसती अर्ध्या अंगाची कमजोरी, की धाप आणि अर्ध्या अंगाची कमजोरी, दोन्ही? अशा प्रश्नांत सरासरी ९१ टक्के डॉक्टरांनी ‘दोन्ही’ला वर ठेवलं. धाप हे त्या आजाराचं ओळखीचं लक्षण. ओळखीचं दिसलं की सरांची वर्तुळं पुसली जातात.

माझी चूकही गुठळीचीच. बऱ्याच वर्षांपूर्वी रात्री एक गृहस्थ आले, दम लागतो म्हणून. पायाचं प्लॅस्टर निघून आठवडा झालेला. आत येता येताच त्यांच्या पत्नी म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, यांची पोटरी सुजलीय हो.’’ मी ऐकलं. मग ईसीजी काढला, छातीचा एक्स-रे आला; दोन्ही ठीक. शेवटी हातात ठीक कागद होते, म्हणून माणूसही ठीक. मी घरी पाठवलं. पहाटे त्यांना उचलून आणावं लागलं. वाचले, पण त्यात माझं कर्तृत्व नव्हतं.

पुढे १९९८चा एक अभ्यास वाचला. मूत्रमार्गाच्या संसर्गाचा संशय असलेला एकच रुग्ण, माहितीही तीच. ज्या डॉक्टरांना लघवीची तपासणी शेवटी दाखवली त्यांनी संसर्गाची शक्यता सुमारे ५१ टक्के मानली. हकीकत आणि शारीरिक तपासणी शेवटी कळली त्यांनी ५९. बेरजेत क्रम बदलून उत्तर बदलत नाही, इथे बदललं! २०११मध्ये ट्रूब्लड आणि बुसमायर यांनी याला क्वांटम सिद्धान्तातलं गणित लावून पाहिलं. मेंदूत अणूंचा काही चमत्कार चालतो असं त्यांचं म्हणणं नाही. गणित फक्त उसनं घेतलंय. त्यात एक प्रश्न विचारला की मनाची स्थितीच बदलते आणि पुढचा प्रश्न त्या बदललेल्या मनाला विचारला जातो. सगळ्यांना हे पटत नाही. मला त्या रात्रीमुळे पटलं.

तेव्हापासून रिपोर्टचं पाकीट उघडण्याआधी माझा अंदाज केसपेपरवर लिहितो. रिपोर्ट पाहिल्यावर हकीकत पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचतो. हाताखालची मुलं हसतात, ‘‘सर परत पहिलीत बसले.’’ आणि रुग्णासोबत आलेलं माणूस दारातच काही बोललं, तर ते त्याच्याच शब्दांत सगळ्यात वर लिहून ठेवतो.