गुणपत्रिकेपलीकडची वर्षे

(अकरावी-बारावीचे विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



शालान्त परीक्षा आणि पदवीचे शिक्षण यांच्यामधली दोन वर्षे आज घरोघरी एखाद्या मोहिमेसारखी पार पाडली जातात. शिकवणीचे वर्ग, सराव चाचण्या, प्रवेश परीक्षा! या धावपळीत मुलाचे गुण किती वाढले, हे घरातील सर्वांना ठाऊक असते. मुलगा किती वाढला, हे मात्र कोणी विचारत नाही. हा प्रश्न स्वतःलाच विचारणाऱ्या एका विद्यार्थ्याचे स्मरण आज करावयाचे आहे.

विनायक नरहर भावे हे त्याचे नाव. पुढे जग त्यांना आचार्य विनोबा म्हणून ओळखू लागले. जन्म १८९५चा, आजच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे गावी. वडील बडोदा संस्थानात नोकरीस, म्हणून शिक्षण बडोद्यास. १९१३ साली ते मॅट्रिक झाले आणि इंटरसाठी बडोदा कॉलेजात गेले.

उत्तरायुष्यात विनोबांनी आपल्या आठवणी सांगितल्या. त्यांत बडोद्याची वर्षे येतात ती मित्र, ग्रंथ, मैलोन्‌मैल पायी भटकंती आणि आई यांच्यासह. वडिलांच्या इच्छेनुसार शाळेत त्यांनी फ्रेंच घेतले होते. संस्कृतची वाट त्यांनी स्वतः शोधली. शिवजयंती साजरी करावयाची ठरली, तेव्हा स्वातंत्र्यप्रिय शिवरायांचा उत्सव चार भिंतींत कसा करावा, असे म्हणून ही मुले मोकळ्या आकाशाखाली गेली. तास बुडाला होता. दुसऱ्या दिवशी दंड होणार, हे ठाऊक होते. दंडाचे चार आणे सोबत न्यावेत, असे विनायकाने सुचविले. नियम मोडला तर त्याचे मोल निमूटपणे द्यावे, ही शिकवण कोणत्याही क्रमिक पुस्तकात नव्हती.

याच मित्रांनी ‘विद्यार्थी मंडळ’ स्थापन केले. अभ्यास करून व्याख्यान द्यावे, चर्चा करावी, असा त्याचा परिपाठ होता. मंडळाने सुमारे सोळाशे पुस्तके जमविली. ना त्याला गुण होते, ना प्रमाणपत्र. मात्र १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली, तेव्हा त्या वाणीमागे बडोद्यातील ही तालीम होती, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

एके दिवशी आई रुक्मिणीबाई स्वयंपाक करीत असताना त्यांनी आपली प्रमाणपत्रे चुलीत टाकली. पुढे कधी उपयोगी पडतील, असे आईने सुचवून पाहिले. निश्चय ढळला नाही. मार्च १९१६मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी ते मुंबईच्या गाडीत बसले, पण सुरतेस उतरून काशीकडे वळले. वडिलांना त्यांनी पत्र लिहिले. कोठेही असलो तरी अनुचित असे काही करणार नाही, हा विश्वास त्यात होता.

मित्रहो, प्रमाणपत्रे जाळणे हा अनुकरणाचा विषय नव्हे. ज्यांच्या शिक्षणासाठी घराने पोटाला चिमटा घेतला आहे, त्यांनी परीक्षा नीट द्यावी, उत्तम द्यावी. अनुकरण करावयाचे ते त्याआधीच्या तयारीचे. मुलगा घर सोडून जातो आणि तरीही वडिलांना असा शब्द देऊ शकतो, तो शब्द एका रात्रीत कमावलेला नसतो. वाचन, चिंतन, सन्मित्रांची संगत आणि चुकते केलेले चार आणे यांतून तो घडलेला असतो.

आईला संस्कृत गीता उमगत नव्हती. ती मराठीत तूच का करीत नाहीस, असे तिने विनायकाला म्हटले होते. १९१८ साली ती निवर्तली. ‘गीताई’ १९३०-३१मध्ये लिहून झाली. विद्यार्थिदशेत मनात पडलेले बीज रुजण्यास कधी कधी इतका अवधी लागतो. बारावीच्या निकालाच्या दिवशी ते दिसत नाही, म्हणून पेरणीच करू नये काय?

पालकहो, आठवड्यातील एक संध्याकाळ तरी मुलांना त्यांच्या आवडीच्या ग्रंथासाठी, मित्रमंडळासाठी मोकळी ठेवा. गुणांची चौकशी अवश्य करा. त्यासोबत, ‘या महिन्यात नवे काय वाचलेस, कोणाच्या उपयोगी पडलास?’ हेही विचारा. विद्यार्थ्यांनी तर हा प्रश्न कोणी विचारण्याची वाटच पाहू नये.