खारट घाम आणि नवे जनुक
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमातील भाषण)



बालसंगोपनावर चार शब्द सांगावेत, अशी आपली आज्ञा झाली. विषय मी त्यातलाच, पण जरा अवघड निवडला आहे.

तान्ह्या मुलाचा मुका घेताना ओठांना मीठ लागते, खोकला हटत नाही, भरपूर खाऊनही मूल अंग धरीत नाही, शौचाला तेलकट व दुर्गंधी होते. ही लक्षणे एकत्र दिसली, तर तो सिस्टिक फायब्रोसिस हा जन्मजात रोग असू शकतो. त्याचे पहिले सविस्तर वर्णन १९३८ साली न्यूयॉर्कच्या डॉ. डोरोथी अँडरसन यांनी केले. स्त्री म्हणून त्यांना शस्त्रक्रियेच्या शिक्षणाची वाट बंद झाली होती. त्या रोगनिदानशास्त्राकडे वळल्या आणि तेथे हे काम करून गेल्या.

रोगाचे मूळ १९८९ साली सापडले. पेशींतून मीठ-पाण्याची ने-आण करणारे एक प्रथिन आहे. ते घडविणाऱ्या जनुकातच दोष असतो. त्यामुळे फुप्फुसातील कफ डिंकासारखा घट्ट होतो, त्यात जंतू घर करतात आणि फुप्फुस हळूहळू निकामी होते.

मग साऱ्यांना वाटले, दोष कळला, आता चांगले जनुक आत पोचविले की झाले! १९९३ साली अमेरिकेत सर्दीच्या एका विषाणूला निरुपद्रवी करून त्याच्याकरवी हे जनुक प्रथमच रुग्णांना देण्यात आले. पण फुप्फुस म्हणजे काही उघडे दार नव्हे. बाहेरचे काही आत शिरू नये, अशीच त्याची रचना. शिवाय शरीर विषाणूला ओळखून ठेवते आणि दुसऱ्या खेपेस परतवून लावते. श्वासनलिकेतील पेशी तर झडून नव्या येत असतात. तेव्हा एकदा देऊन भागत नाही.

येथे लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचे प्राध्यापक एरिक ॲल्टन यांचे काम महत्त्वाचे ठरते. लंडन, ऑक्सफर्ड व एडिंबरो येथील संशोधकांना २००१ साली एकत्र आणून त्यांनी विषाणूची वाट सोडली. जनुक स्निग्ध पदार्थाच्या सूक्ष्म थेंबांत गुंडाळून वाफाऱ्यासारखे हुंगावयास देण्याचे त्यांनी ठरविले. १३६ रुग्णांवर प्रयोग झाला. काहींना दरमहा एकदा, असे वर्षभर जनुक मिळाले. काहींना नुसते मिठाचे पाणी. कोणाला काय मिळते, हे रुग्णांना ठाऊक नव्हते. २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जनुक मिळालेल्यांची श्वासशक्ती जवळजवळ होती तेवढीच राहिली, दुसऱ्यांची घसरली. फरक ३.७ टक्क्यांचा.

एवढ्याशाचे काय कौतुक, असे कोणी म्हणेल. परंतु घसरणारा पाय थांबला, हे सिद्ध झाले. ॲल्टन यांनीही त्याला रोगमुक्ती म्हटले नाही.

दरम्यान दुसऱ्या वाटेने यश आले. बिघडलेल्या प्रथिनालाच कामाला लावणाऱ्या गोळ्या निघाल्या. २०१९ साली अमेरिकेत तीन औषधांच्या मिश्रणाला मान्यता मिळाली आणि पुष्कळ रुग्णांचे आयुष्य पालटले. मात्र तेथे त्यांची किंमत वर्षाला तीन लाख डॉलरांहून अधिक ठेवली गेली. ज्यांच्या शरीरात ते प्रथिन तयारच होत नाही, त्यांना या गोळ्यांचा उपयोग नाही. युरोपात जो दोष सर्रास आढळतो, तो आपल्याकडील रुग्णांत त्या मानाने कमी आढळतो. म्हणून दोष कोणताही असो, चांगले जनुक पुरविणारी वाट आपल्यालाही हवी आहे.

भगिनींनो, एवढे सांगण्याचे कारण असे. हा रोग आपल्या देशातही आहे. वरील लक्षणे दिसल्यास डॉक्टरांना घामाच्या तपासणीविषयी अवश्य विचारा. आणि दुसरे, त्याहून महत्त्वाचे: हा दोष आई आणि बाप, दोघांकडून आला तरच मूल आजारी पडते. दोघेही स्वतः धडधाकट असतात, आणि अशा जोडप्याच्या प्रत्येक गर्भाला रोग होण्याची शक्यता चारांत एक असते. तेव्हा शेजारच्या घरी असे मूल असेल, तर सुनेच्या पायगुणाची, तिच्या दुधाची वा डोहाळ्यांची चर्चा आपण तरी करू नये. तिला जागरणात सोबत करावी. संशोधन पुढे जाईल तेव्हा जाईल. ही सोबत आजच देता येते.