लेखणी एक, लेखनाच्या रीती अनेक

(महोत्सवानिमित्त भरलेल्या पालक-शिक्षक सभेंत आमच्या धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या या मंगल समयीं मुलांच्या शिक्षणाविषयीं चार शब्द बोलावे, अशी समितीची इच्छा आहे. तिला मान देऊन आम्ही एकाच गोष्टीकडे आपलें लक्ष वेधूं इच्छितों: आपल्या मुलांस निरनिराळ्या प्रकारचें लेखन कसें शिकवावें?

आपल्या मुलांस अक्षर येतें, व्याकरण येतें, निबंधही येतो. पण तो निबंध कोणाचा? ‘पावसाळा’ हा विषय दिला कीं मार्गदर्शिकेंतील काळे ढग दाटून येतात आणि मोर नाचूं लागतो. आमच्या वसईच्या मुलानें तो मोर बहुधा पाहिलेला नसतो. त्यानें पाहिलेलें असतें तें ओटीपर्यंत चढलेलें पाणी. तें पाणी मात्र निबंधांत शिरत नाहीं. सन २०१८ च्या जुलै महिन्यांत वसई-विरारचा मोठा भाग जलमय झाला, आगगाड्या थांबल्या, मिठागरांत शेंकडों माणसें अडकून पडलीं. घरोघरीं त्याची आठवण अजून निघते.

असा एकच प्रसंग घ्यावा आणि तो मुलांकडून चार प्रकारांनीं लिहवून घ्यावा, अशी आमची शिक्षकांस सूचना आहे.

पहिली बातमी. काय झालें, कोठें, केव्हां, किती घरांचें नुकसान झालें, हें तिच्या आरंभींच आलें पाहिजे. जें पाहिलें अथवा विश्वासू माणसाकडून कळलें तेंच लिहावें. हळहळ वाचकावर सोपवावी. दुसरा महानगरपालिकेस अर्ज. तो वाचणाऱ्या अधिकाऱ्यापुढें कागदांचा ढीग असतो. म्हणून विषय एका ओळींत, तुंबलेल्या नाल्याची जागा नेमकी, मागणी एकच आणि स्पष्ट. तिसरें परदेशीं असलेल्या मावशीस पत्र. तिला नाल्याची रुंदी नको असते. आजी सुखरूप आहे ना, विहिरीचें पाणी खराब झालें काय, हें तिला हवें असतें. चौथी गोष्ट. येथें कल्पनेस मोकळीक आहे. परंतु साऱ्या गांवाचा पूर सांगत न बसतां एका घरांतील एक रात्र सांगावी. गोष्टींतील म्हातारी सामवेदी किंवा वाडवळी बोलणारी असेल, तर तिला तिच्याच बोलींत बोलूं द्यावें. ती बोली चूक समजून शिक्षकांनीं खोडूं नये. अर्जांत मात्र प्रमाण मराठीच हवी. पाणी तेंच, परंतु वाचक बदलला कीं आरंभ बदलतो, शब्द बदलतात, आणि काय गाळावें हेंही बदलतें. हें ज्या मुलास उमगलें त्यास लेखन आलें.

कोणी म्हणेल, हें नवें खूळ आहे. तसें नाहीं. फादर थॉमस स्टीफन्स इ. स. १५७९ मध्यें गोव्यास उतरले आणि थोड्याच दिवसांत त्यांनीं इंग्लंडमधील आपल्या पित्यास पत्र लिहिलें. त्यांत समुद्रप्रवासाची हकीकत आहे: वारे, आजार, मासे, पक्षी. दूर गेलेल्या मुलाच्या बापास जें जाणून घ्यावेंसें वाटेल, तें सर्व त्यांत आहे. धर्मशिक्षणासाठीं त्यांनीं कोंकणींत प्रश्नोत्तरांचें पुस्तक सिद्ध केलें, कारण जें तोंडपाठ करावयाचें तें प्रश्नोत्तरांतच सोयीचें. त्याच भाषेचें व्याकरण लिहितांना नियम व उदाहरणें मांडलीं. हीं दोन पुस्तकें त्यांच्या मृत्यूनंतर, अनुक्रमें १६२२ व १६४० सालीं, छापलीं गेलीं. आणि सासष्टीच्या ज्या लोकांस पुराणश्रवणाची संवय होती, त्यांच्यासाठीं त्यांनीं मराठी ओवी निवडली. तें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं राचोल येथें छापलें गेलें. लेखणी एकच, पण पत्रांत पुराण नाहीं आणि पुराणांत व्याकरण नाहीं.

आपल्या चर्चच्या कचेरींतील बाप्तिस्म्याची वही पाहा. नोंद अवघी दोन-तीन ओळींची: नांव, तारखा, मातापिता, धर्मपिता, धर्ममाता, विधि करणारा धर्मगुरु. एकही विशेषण नाहीं. तरी लग्नाच्या वेळीं तीच नोंद पुढें येते, आणि तीत एक अक्षर चुकलें तर कुटुंबास हेलपाटे पडतात. नोंद करणें हाही लेखनाचा एक प्रकार आहे आणि तोही शिकवावा लागतो.

दहावीच्या मराठींत ‘उपयोजित लेखन’ आहेच. पत्र, बातमी, जाहिरात, सारांश, कथा, सारें तेथें आहे. उणीव अभ्यासक्रमांत नसून रीतींत आहे. नमुना पाठ करून गुण मिळतात. लेखन येत नाहीं. म्हणून शिक्षकांनीं आधीं दोन चांगले नमुने मोठ्यानें वाचावे व त्यांची घडण मुलांसच शोधूं द्यावी. मग मुलांनीं लिहावें. एका मुलाचा अर्ज दुसऱ्यानें अधिकारी होऊन वाचावा आणि काय समजलें नाहीं तें सांगावें. मग पुन्हा लिहावें. शुद्धलेखनाची तांबडी शाई सर्वांत शेवटीं.

पालकहो, घरांतील खरीं कामें मुलांच्या हातीं द्या: बँकेस अर्ज, समारंभाचें निमंत्रण, दुखवट्याचें पत्र. शेजारीं कोणी वारलें तर मोबाइलवर आलेला तयार मजकूर पुढें ढकलूं देऊं नका; त्या माणसाची एक खरी आठवण दोन ओळींत लिहावयास सांगा.

आम्ही हें इतक्या आग्रहानें कां सांगतों? ज्यास लिहितां येत नाहीं, त्याचें म्हणणें दुसरा लिहितो. जमिनीच्या, पाण्याच्या, वारसाच्या कामांत असे लोक केवळ सहीपुरते उरतात; कागदावर काय लिहिलें होतें तें त्यांस मागाहून कळतें. आपल्या मुलांवर ती पाळी येऊं नये. आपलें सुख, आपलें गाऱ्हाणें आणि आपल्या माणसांची हकीकत त्यांस आपल्याच हातानें, ज्याला जसें सांगावें तसें, लिहितां यावें. या महोत्सवी वर्षांत प्रत्येक घरानें एवढा संकल्प केला, तर आमच्या बोलण्याचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.