पेटी आली नाही तरी

कांद्याचा लिलाव, जनावरांचा बाजार उरकून इथं आलेल्या रसिकहो,

घोडेगावात मी ‘संशयकल्लोळ’वर बोलणार म्हटल्यावर एका मित्रानं विचारलं, ते पेठेतलं नाटक तिकडं कशाला? मला तर याच्याइतकी योग्य जागा सुचत नाही. इथून पाच-सहा किलोमीटरवर शिंगणापूर. घरांना कवाडं न लावण्याची तिथली जुनी रीत. २०११ साली तिथं बँकेची शाखा निघाली, तीसुद्धा बिनकुलपाची म्हणून गाजली. नाटकातल्या संशयी फाल्गुनरावाला त्या गावात आठ दिवस ठेवा. नवव्या दिवशी काठी घेऊन तो स्वतःच उंबऱ्यावर बसलेला दिसेल.

हा गृहस्थ मूळचा आपल्याकडचा नव्हे. १६६० साली पॅरिसमध्ये मोलियरनं त्याला रंगमंचावर आणलं. छोटीशी एकअंकी, पद्यातली. भूमिकाही मोलियरनं स्वतःच केली. शंभर वर्षांनी, १७६१ मध्ये, लंडनला आर्थर मर्फीनं त्याच गोष्टीचे पाच अंक केले. तिथून ती आमच्या गोविंद बल्लाळ देवलांच्या हाती लागली. रस्त्यात रेवती नावाच्या तरुणीला भोवळ येते, फाल्गुनराव तिला सावरतो, ते त्याची बायको कृत्तिका खिडकीतून पाहते. तरुणीच्या हातून पडलेली तिच्या प्रियकराची, अश्विनशेठची, तसबीर बायकोला सापडते आणि ती बायकोच्या हातात नवऱ्याला दिसते. एवढंच. पुढचं सगळं या दोघांच्या डोक्यात घडतं.

गोष्ट उसनी, पण माणसं देवलांनी इथली केली. पुरुषांना महिन्यांची नावं, बायकांना नक्षत्रांची. फाल्गुन म्हणजे शिमगा, म्हणून घरात बोंबाबोंब. अश्विनशेठच्या जोडीला रेवती. पंचांगात रेवती संपली की अश्विनीच लागते. आणि नोकराचं नाव भादव्या! शहरात या नावाला हसू येत नाही, आपल्याकडं तोंड उघडायच्या आधी येतं. भादव्यातली कुत्री ज्यानं पाहिली नाहीत, त्याला हे समजावून सांगण्यात अर्थ नाही.

आता मुद्द्याचं. देवलांनी हे नाटक १८९३ साली लिहिलं ते गद्य. नाव ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’. त्यात पदं घालून ‘संगीत संशयकल्लोळ’ झालं, ते गंधर्व नाटक मंडळीनं १९१६ मध्ये रंगभूमीवर आणलं. देवल त्याच वर्षी जूनमध्ये गेले होते. फाल्गुनराव गणपतराव बोडस, रेवती बालगंधर्व. अशी जोडी जमल्यावर लोकांनी गाणी डोक्यावर घेतली यात नवल नाही. पण तेव्हापासून एक समजूत घट्ट बसली: गाणारी रेवती आणि गाणारा अश्विनशेठ मिळाल्याशिवाय या नाटकाला हात लावायचा नाही. पुढं शरद तळवलकरांनी फाल्गुनराव गाजवला, अलीकडं प्रशांत दामले आणि राहुल देशपांडे यांनी ते आटोपशीर करून नव्या प्रेक्षकांपुढं आणलं. उत्तमच. तरी मला वाटतं, तेवीस वर्षं जे पदांवाचून उभं होतं ते आजही उभं राहील.

हे मी अनुभवानं सांगतो. तरुणपणी आम्ही एका जत्रेत हा प्रयोग लावला होता. पेटीवाला आलाच नाही. का, ते आजतागायत कळलेलं नाही. रात्रीचे दहा वाजले, मैदान भरलं, परत कुठं जायचं? पदं गाळली आणि पडदा वर केला. रेवती भोवळ येऊन पडली, वर खिडकीत कृत्तिका दिसली. तिनं थयथयाट सुरू केला तशी पुढं बसलेली एक म्हातारी उठून ओरडली, ‘‘अगं बये, पोरगी चक्कर येऊन पडली व्हती! म्या पाह्यलंय!’’ साक्ष द्यायला ती स्टेजकडं निघाली, लेकीनं पदर धरून बसवली.

या नाटकाची खुबी त्या म्हातारीनं दाखवली. प्रेक्षकाला सगळं ठाऊक असतं आणि सांगता येत नाही. जनावरांच्या बाजारात भाव ठरवताना उपरण्याखाली दोघांची बोटं चालतात, बाहेरचा आपल्या मनानं आकडे लावतो; इथं मात्र उपरणं फक्त पात्रांच्या डोळ्यांवर असतं. म्हणून फाल्गुनरावानं हसवायला जाऊ नये. त्याचं घर खरोखर मोडायला आलंय, असं त्यानं मानावं. हल्ली नट डोळे वटारतात, थबकतात, टाळीची वाट बघतात. मला ते सोसत नाही. बायकोवर संशय घेणारा माणूस टाळीसाठी थांबतो का?

तेव्हा इथल्या हौशी मंडळींना माझं सांगणं आहे. गाणारा नाही, तबलजी नाही म्हणून हे नाटक बाजूला ठेवू नका. गद्य करा. देवलांच्या लेखनावरचा हक्क कधीच संपला आहे, कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत. खिडकी सुताराकडून करून घ्या, तसबीर घरच्या भिंतीवरची चालेल. पुढच्या जत्रेत प्रयोग लावा आणि मला निरोप धाडा. मी पहिल्या रांगेत येऊन बसेन.