मुद्रांकावरची सोडचिठ्ठी



आपण मला बुलढाणा जिल्ह्यातल्या वकिलांच्या या परिषदेचं अध्यक्षपद दिलंत.  

अध्यक्षानं व्यवसायाचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. 1 जुलै 2024 पासून तीन नवे फौजदारी कायदे लागू झाले आणि आयुष्यभर तोंडात बसलेले कलमांचे आकडे एका रात्रीत बदलले. 302 म्हटल्यावर पक्षकाराचा चेहरा उतरायचा. 103 म्हटल्यावर अजून उतरत नाही. ई-फायलिंगबद्दल तरुण मंडळींनी सकाळी चांगले निबंध वाचले. त्यात मी भर घालू शकेन असं काही नाही. नव्या भारतीय न्याय संहितेतलं एकच कलम मी आज हातात घेणार आहे, 82. म्हणजे आपली जुनी 494 आणि 495. पहिला जोडीदार हयात असताना आणि ते लग्न कायम असताना दुसरं लग्न करणं. शिक्षा सात वर्षांपर्यंत, पहिलं लग्न लपवून केलं तर दहा. यावर बोलण्यासाठी मी वीस वर्षं अशा एखाद्या व्यासपीठाची वाट पाहिली आहे. आपण रागावलात तरी चालेल.

मित्रहो, आपल्या जिल्ह्यात सोडचिठ्ठीचा कागद कोण लिहितो? मुद्रांक विक्रेता मुद्रांक विकतो, अर्जनवीस मजकूर खरडतो, पण खाली "माझ्यासमक्ष" म्हणून सही-शिक्का कोणाचा असतो? आपला. "आजपासून आम्हा उभयतांचे पती-पत्नीचे नाते संपुष्टात आले असून दोघांनाही पुनर्विवाह करण्यास मुभा आहे." हे वाक्य मला तोंडपाठ आहे, कारण मी ते लिहिलं आहे.

1998 साली लिहिलं. घाटाखालचं गाव होतं. मुलगा इंजिनिअर, मुलगी दहावी झालेली, लग्नाला दोन वर्षं झालेली. पटलं नाही. दोन्ही घरची माणसं माझ्या ऑफिसात आली. कोर्टात वर्षं जातील, गावात शोभा होईल, आपसातच मिटवा, असं सगळे म्हणाले. मी वीस रुपयांच्या मुद्रांकावर फारकतनामा केला, नोटरी करून दिला, फी घेतली. वर आशीर्वादासारखं म्हणालोसुद्धा, "झालं, आता दोघंही मोकळे." मुलगी एकवीस वर्षांची होती. तिनं कागद घडी करून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला.

मुलगा 2000 साली अमेरिकेला गेला. 2005 साली त्यानं तिथेच पुण्याकडच्या एका मुलीशी रजिस्टर लग्न केलं. पहिल्या लग्नाचं त्या मुलीला किंवा तिच्या घरच्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि म्हणूनच पुढच्या प्रत्येक फॉर्मवर आधीच्या लग्नाच्या रकान्यात "नाही" लिहिलं गेलं. नोकरीवरून त्याला ग्रीन कार्ड मिळालं, त्याची पत्नी म्हणून तिलाही. 2016 मध्ये त्यानं नागरिकत्वासाठी अर्ज केला. त्या अर्जात अमेरिका थेट विचारते: तुमची आजवर किती लग्नं झाली? एकाच वेळी एकाहून अधिक व्यक्तींशी तुमचं लग्न होतं का? मुलाखतीत अधिकाऱ्यानं जुना भारतीय पासपोर्ट मागितला. आपल्या पासपोर्टाच्या शेवटच्या पानावर जोडीदाराचं नाव असतं हे आपण विसरतो. 1997 च्या पासपोर्टावर पहिलीचं नाव होतं.

त्यानं माझा कागद इंग्रजी भाषांतरासह पुढे केला. उत्तर आलं, कोर्टाचा हुकूमनामा द्या. मग एका रात्री त्याचा मला फोन आला. "साहेब, आपल्या समाजात अशी फारकत चालते एवढं एक शपथपत्र करून द्या."

इथे आपल्यातला जुना वाद येतो. बार रूममध्ये मी तो शेकडो वेळा ऐकला आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 29 च्या पोटकलम 2 नं रूढीनं मिळणारा घटस्फोट शाबूत ठेवला आहे, मग कागद का चालू नये? ठेवला आहे, खरं. पण 2002 साली यमनाजी जाधव विरुद्ध निर्मला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अशी रूढी आहे असं दाव्यात म्हणावं लागतं आणि मग पुराव्यानं सिद्धही करावं लागतं. मुंबई उच्च न्यायालयानं तर 1876 सालीच, शंभू रघूच्या खटल्यात, जातीच्या पंचांना लग्न रद्द ठरवण्याचा किंवा बाईला पुन्हा लग्नाची परवानगी देण्याचा अधिकार नाकारला होता. अमेरिकेचं इमिग्रेशन खातंही रूढीचा घटस्फोट सरसकट फेटाळत नाही. मूळ देशात तो वैध असेल तर मानतं. मात्र तो वैध होता हे अर्जदारानं दाखवायचं.

तर मी दाखवायला निघालो. तीन तालुके पालथे घातले. पुनर्विवाहाचे पाट, मोहतूर, फारकतीचा काडीमोड, सगळे शब्द लोकांच्या तोंडात होते. रीत आहे म्हणणारे सतरा भेटले. ती रीत काय, पंच कोण, शेवटची फारकत कधी झाली, हे शपथेवर सांगायला एकही उभा राहिना. मी स्वतः काय शपथ घेणार होतो? माझ्या कागदामागे रूढी नव्हतीच. दोन्ही घरची घाई होती आणि माझी फी होती. मी शपथपत्र दिलं नाही. त्याचा अर्ज फेटाळला गेला, खोटी माहिती दिल्याचा ठपका आला, आणि त्याच्या दुसऱ्या पत्नीच्या ग्रीन कार्डावर कारवाई सुरू झाली. कारण पहिलं लग्न कायम असताना केलेलं दुसरं अमेरिकेच्या कुठल्याही राज्यात लग्नच नसतं. आणि जी पत्नीच नाही, तिला पत्नी म्हणून मिळालेला हक्क टिकत नाही.

कॅनडात याहून कडक आहे. लग्नाच्या वेळी दोघांपैकी कोणीही दुसऱ्याचा जोडीदार असेल, तर त्या लग्नाच्या आधारावर जोडीदाराला बोलावताच येत नाही. खोटी माहिती दिली तर पाच वर्षं दार बंद. इंग्लंडमध्ये 1861 च्या कायद्यानं द्विविवाह हा आजही सात वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. आणि परदेशांनाच का बोला? आपल्या नागरिकत्व कायद्याचं कलम 7 डी पाहा. लग्नाच्या जोरावर ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिकाचं, कार्ड घेतलेल्यानं ते लग्न कायम असताना दुसरं केलं, तर कार्ड रद्द होऊ शकतं.

कोणी म्हणतं, फौजदारीत तर काहीच होत नाही, मग एवढी धास्ती कशाला? फौजदारीत होत नाही हे मलाही ठाऊक आहे. 1965 चा भाऊराव लोखंडेचा निकाल आपल्या प्रत्येकाच्या टेबलावर आहे. दुसऱ्या लग्नातले आवश्यक विधी सिद्ध झाले नाहीत, म्हणून आरोपी सुटला. तिकडच्या रजिस्ट्रारसमोर सप्तपदी कुठून होणार? त्यात परदेशात घडलेल्या गुन्ह्याचा खटला इथे चालवायचा तर केंद्र सरकारची परवानगी लागते. मोताळ्याच्या शेतमजूर बापानं ती कुठून आणायची? इथे बाईनं दुसरं लग्न सिद्ध करायचं असतं, म्हणून तो निर्धास्त राहतो. व्हिसाच्या खिडकीवर पहिलं लग्न संपल्याचं त्याला सिद्ध करावं लागतं. आपण त्याला इथली सवय लावून तिकडे पाठवतो.

दुसरा वाद असा की, तिकडच्या कोर्टानं घटस्फोट दिला ना, मग संपलं. नाही संपलं. 1991 चा वाय. नरसिंह राव खटला पुन्हा वाचा. 1975 मध्ये तिरुपतीला लागलेलं लग्न नवऱ्यानं मिसुरीच्या कोर्टातून मोडून घेतलं आणि 1981 मध्ये इथे येऊन दुसरं केलं. सर्वोच्च न्यायालयानं तो हुकूमनामा मानला नाही. चिखलीकडची एक बाई माझ्याकडे असाच इंग्रजी लिफाफा घेऊन आली होती. आत तिच्याच घटस्फोटाची नोटीस होती आणि हजर राहण्याची तारीख तीन आठवड्यांपूर्वी उलटलेली. तिकडे सुटलेली, इकडे बांधलेली अशी ती बाई आजही आहे.

आणि तिसरं, सगळ्यांत आवडतं कारण: कोर्टात वर्षं जातात. 2017 च्या अमरदीप सिंग निकालानंतर हे कारण आपल्याला शोभत नाही. परस्पर संमतीच्या अर्जात सहा महिन्यांची मुदत योग्य प्रकरणी माफ होते, परदेशातल्या पक्षकाराला व्हिडिओवरून हजर होता येतं. कागदाला एक दिवस लागतो आणि अर्जाला काही महिने. त्या काही महिन्यांसाठी आपण माणसांची वीस वर्षं उधळतो.

आपल्या भागाबद्दल एक गोष्ट तरुणांना ठाऊक नसेल. मुंबई इलाख्यानं द्विभार्याबंदीचा कायदा 1946 सालीच केला. आपला जिल्हा तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात. मलकापूरच्या पलीकडे, खानदेशातल्या एदलाबादला जे बेकायदा होतं, ते अलीकडे आपल्याकडे 18 मे 1955 पर्यंत, हिंदू विवाह कायदा येईपर्यंत, चालत होतं. मी वकिली सुरू केली तेव्हा दोन बायकांची म्हातारी माणसं माझी पक्षकार होती. पुरुषानं मोकळं व्हावं आणि बाईनं वाट पाहावी ही इथली जुनी चाल. या चालीविरुद्ध याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे 1882 साली 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून उभ्या राहिल्या. ते पुस्तक इतकं विस्मरणात गेलं की स. गं. मालशे यांना 1975 मध्ये ते पुन्हा छापून काढावं लागलं. संगमनेरच्या निशा शिवूरकर, आपल्यासारख्याच तालुक्याच्या ठिकाणी वकिली करणाऱ्या, टाकलेल्या स्त्रियांसाठी उभं आयुष्य झगडल्या. आपल्या जिल्ह्यातल्या बारनं काय केलं? मजकूर लिहून दिले.

कायदा होईल तेव्हा होईल. अनिवासी भारतीयांच्या लग्नांच्या नोंदणीचं विधेयक 2019 मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं. विधी आयोगानं फेब्रुवारी 2024 च्या 287 व्या अहवालात पती-पत्नीचे पासपोर्ट एकमेकांना जोडावेत, त्यावर विवाह नोंदणीचा क्रमांक असावा असं सुचवलं. चांगलं आहे. पण ग्रामसेवकाकडे नोंदच नसलेल्या लग्नाचा क्रमांक पासपोर्टावर कुठून येणार? आणि ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्राच्या विधी खात्यानं नोटरींना स्पष्ट बजावलं की विवाहाचे किंवा घटस्फोटाचे दस्त करणं हे तुमचं काम नाही. ते परिपत्रक किती जणांनी वाचलं? मुद्रांक वीसचा शंभर झाला, शंभराचा पाचशे झाला. मजकूर मात्र माझाच चालू आहे, शब्दन् शब्द. गेल्या दिवाळीत मी तो पाहिला.

माझी मागणी साधी आहे. या परिषदेनं आज ठराव करावा की जिल्ह्यातला एकही वकील, एकही नोटरी फारकतनामा करणार नाही. ज्यांनी आजवर केले त्यांनी आपली रजिस्टरं काढावीत, ती माणसं शोधावीत आणि त्यांना फीशिवाय परस्पर संमतीचा अर्ज करून द्यावा. प्रत्येक तालुक्याला एक छोटी समिती असावी, परदेशी जाणाऱ्या मुलामुलींची कागदपत्रं आधीच तपासून देण्याची काहीतरी सोय असावी. त्याचा तपशील तरुण मंडळींनी ठरवावा. खर्चासाठी मी माझ्यापरीनं देईन. सुरुवात मी माझ्या रजिस्टरपासून केली आहे.

आता त्या प्रकरणाचं सांगून थांबतो. दुसरीनं मला अमेरिकेहून फोन केला होता. "काका, मग अकरा वर्षं मी कोण होते?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिचं लग्न मागच्या तारखेनं खरं करण्याचा उपाय कुठल्याच कायद्यात नाही. आधी पहिलं मोडायचं, मग नव्यानं लग्न करायचं, आणि त्याची तारीख नवीच राहायची.

म्हणून मी पहिलीच्या गावी गेलो. ती अंगणवाडीत मदतनीस होती, भावाकडे राहायची. मधल्या काळात तिला एक चांगलं स्थळ आलं होतं, बिजवर, शिक्षक. त्या घरच्यांनी कोर्टाचा कागद मागितला, हिनं माझा दाखवला, ते उठून गेले. हे मला त्या दिवशी कळलं. तिनं पिशवीतून तो कागद काढून माझ्यासमोर धरला. "साहेब, मंग मी अजून त्याचीच बायको व्हय का?" मी "हो" म्हणालो. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुमी तं मोकळी झाली म्हनले होते."

अर्ज मी केला, फी घेतली नाही, तिच्या खावटीची एकरकमी रक्कम त्याच्याकडून आधी कोर्टात भरून घेतली. 2018 मध्ये हुकूमनामा झाला. नक्कल हातात पडली तेव्हा ती 41 वर्षांची होती.