दयामरण: कायदा, केसपेपर आणि चर्चेची शिस्त

दयामरणाच्या वादात दोन वेगळ्या गोष्टींची नेहमी गल्लत होते. प्राणघातक इंजेक्शन देणे हे सक्रिय दयामरण आणि भारतात तो गुन्हा आहे. निष्फळ उपचार थांबवून आजाराला त्याच्या वाटेने जाऊ देणे हे निष्क्रिय दयामरण. त्याला सर्वोच्च न्यायालयाची सशर्त मान्यता आहे. आयसीयूत या फरकाशी डॉक्टरांची आणि परिचारिकांची गाठ लवकरच पडते.

हा प्रश्न देशापुढे आला तो परळच्या केईएम रुग्णालयातून. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग यांचा एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला. मेंदूला कायमची इजा झाली. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने मृत्यू येईपर्यंत त्या त्याच रुग्णालयात होत्या. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, पण घास कुस्करून भरवणे आणि कूस बदलणे चुकले नाही. अन्न थांबवू द्यावे, ही लेखिका पिंकी विराणी यांची याचिका ७ मार्च २०११ रोजी फेटाळली गेली. अरुणांच्या वतीने बोलण्याचा अधिकार न्यायालयाने केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला. निष्क्रिय दयामरणाची वाट मात्र त्याच निकालाने मोकळी केली.

निकालाबाहेरच्या चर्चेत एका बाजूवर निर्दयपणाचा, दुसरीवर हट्टाचा शिक्का बसला. वास्तविक एकीला यातनामय जगणे दिसत होते, दुसरीला रोजच्या सेवेतले नाते. दोन्ही बाजू करुणेनेच बोलत होत्या.

वैद्यकीची जुनी खंत वेगळीच आहे. वॉर्डात उपचार थांबवण्याचा निर्णय वर्षानुवर्षे होत आला, पण नाव न घेता. पैसे संपलेले असतात, रेसिडेंट केसपेपर पुढे करतो, मुलगा सही करतो, नोंद होते ‘डामा’. म्हणजे सल्ला डावलून घरी नेले. सल्ला नेमका काय दिला होता, हे त्या कागदावर सापडत नाही. नळी कशी घालावी हे कॉलेजात घोटून घेतले जाते. ती कधी काढावी, हे नातेवाइकांशी कसे बोलावे, ते मात्र ज्याने त्याने धडपडत शिकायचे.

सर्वोच्च न्यायालयाच्या ९ मार्च २०१८ च्या निकालाने सन्मानाने मरण्याचा हक्क आणि लिव्हिंग विल, म्हणजे अखेरच्या उपचारांविषयी आधीच लिहून ठेवलेले इच्छापत्र, मान्य केले. २०२३ मध्ये प्रक्रिया सुटसुटीत झाली. आता इच्छापत्रावर नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकनाची सही पुरते. उपचार थांबवण्यापूर्वी डॉक्टरांच्या दोन मंडळांची संमती लागते.

कायद्याने वाट दिली तरी चर्चेची शिस्त माणसांनीच पाळायची असते. विरोधकाचे म्हणणे आधी त्याला पटेल अशा शब्दांत मांडावे, मगच खोडावे. गरिबाच्या घरात ‘इच्छा’ आणि ‘ऐपत’ यांची सरमिसळ होते, ही विरोधकांची भीती खरी आहे. निष्फळ उपचारांनी मरण नुसते लांबते, हा समर्थकांचा अनुभवही खरा आहे. म्हणून रुग्णाची इच्छा, कुटुंबाचे म्हणणे, मंडळांचे मत आणि खर्चाची अडचण या चारही गोष्टी केसपेपरवर वेगवेगळ्या नोंदल्या गेल्याच पाहिजेत.